जमीन, दप्तर आणि रेड्डी

भूदानाची गोष्ट मराठी घरांत विनोबांच्या बाजूने सांगितली जाते. पवनारहून पायी निघालेले विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीचं सर्वोदय संमेलन आटोपून तेलंगणात शिरले आणि १८ एप्रिल १९५१ रोजी नळगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत पोचले. तिथल्या दलित कुटुंबांनी पोटापुरती ऐंशी एकर जमीन मागितली. गावातल्या एका जमीनदाराने तिथल्या तिथे शंभर एकर देऊ केली. त्याचं नाव वेदिरे रामचंद्र रेड्डी. आपल्याकडे हे नाव सहसा एका ओळीत उरकलं जातं. पण एका गावातला एक माणूस उभ्याउभ्या शंभर एकर देऊ शकतो, तर त्याच्याकडे एवढी जमीन आली कुठून, हा प्रश्न तेव्हाही महत्त्वाचा होता आणि आजही आहे.

याच नळगोंडा जिल्ह्यात, जनगाव तालुक्यातल्या विसनूर इथे, आणखी एक रामचंद्र रेड्डी होते. ते देशमुख होते. त्यांच्या माणसांनी ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावात मोर्चावर गोळ्या झाडल्या आणि दोड्डी कोमरय्या हा तरुण ठार झाला. तेलंगणाच्या सशस्त्र शेतकरी लढ्याची सुरुवात त्या दिवसापासून मोजतात. तो लढा उभारणाऱ्या पुढाऱ्यांत अग्रभागी होते रवी नारायण रेड्डी. त्यांचा जन्म भुवनगिरीजवळच्या बोल्लेपल्लीचा, घराणं जमीनदारांचं. जमीन बळकावणारा, जमीन देणारा आणि जमीन वाटून घ्यायला कुळांना उभं करणारा, असे तिघेही एका जिल्ह्यातले, एका जातीतले आणि पाच-सहा वर्षांच्या एकाच काळातले.

रेड्डी समाज आंध्र आणि तेलंगणात सर्वदूर आहे. मोटाटी, पाकनाटी, गुडाटी, पंटा अशा त्याच्या शाखा आहेत आणि मोठा जमीनदार हे त्यातल्या थोड्या घरांचंच चित्र आहे. पाच-दहा एकरांवर राबणारा, पावसाकडे डोळे लावून बसणारा रेड्डी शेतकरी संख्येने कितीतरी जास्त. पूर्वी रेड्डी म्हणजे गावचा प्रमुख, सारा गोळा करणारा, आपल्याकडच्या पाटलासारखा. काकतीयांचं वरंगळ १३२३ मध्ये पडल्यावर यांच्यातल्याच प्रोलय वेमा रेड्डीने किनारपट्टीच्या बाजूला स्वतंत्र राज्य उभारलं. पुढे कोंडवीडू ही त्याची राजधानी झाली आणि शंभरएक वर्षं ते टिकलं. एर्रना आणि श्रीनाथ या तेलुगूतल्या थोर कवींना आश्रय मिळाला तो याच दरबारात. धर्मशास्त्राच्या उतरंडीत मात्र या समाजाला द्विजांचं स्थान कधी नव्हतं. एम. एन. श्रीनिवास यांनी ‘प्रभुत्वशाली जात’ ही कल्पना मांडली, तिच्या चौकटीत रेड्डी चपखल बसतात. विधीत मधली पायरी, गावात सर्वांत वरची.

ही वरची पायरी नुसत्या जमिनीने मिळालेली नव्हती, असं माझं ठाम मत आहे. जमीन पुष्कळ असलेली माणसं इतर जातींतही होती. रेड्डींचं वजन तीन गोष्टी एकत्र आल्याने वाढलं. पायाखाली जमीन, हातात तिची नोंद आणि दाराशी राबणारी माणसं. यातली मधली गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते, आणि बाकीच्या दोन्ही तिच्यावर उभ्या आहेत.

निजामाच्या राज्यात साधारण साठ टक्के जमीन दिवाणी, म्हणजे सरकारी साऱ्याची होती. तीस टक्क्यांच्या आसपास जहागिरींत आणि उरलेली सर्फ-ए-खास, म्हणजे खुद्द निजामाची. देशमुखांचा उदय झाला तो दिवाणी मुलखात. आधी सारा वसुलीचे मक्ते दिले जात. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगने ते बंद करून सरकारी अंमलदार नेमले आणि देशमुख-देशपांड्यांना मोबदला म्हणून सालाना रोख नेमणूक लावून दिली. कागदावर ही सुधारणाच होती. पण गावोगावची दप्तरं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात होती, त्यांनाच जमिनीची नेमकी मोजमापं ठाऊक होती. जमाबंदी झाली तेव्हा तळ्याखालची, विहिरीखालची उत्तम जमीन त्यांच्या नावावर चढली. जो कसत होता तो एका सकाळी कूळ झाला, तेही मालकाच्या मर्जीवर राहणारं कूळ. बहुतेकांना हे कळलं ते बऱ्याच वर्षांनी, जमीन सोडायला सांगितली तेव्हा.

लढ्याचे एक प्रमुख नेते पुच्चलपल्ली सुंदरय्या यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात दिलेले आकडे वाचताना आजही श्वास अडकतो. विसनूरच्या देशमुखाकडे चाळीस हजार एकर. सूर्यापेठ भागातल्या जन्नारेड्डी घराण्याकडे दीड लाख एकर. हे सुंदरय्या मूळचे नेल्लोर जिल्ह्यातले, जमीनदार रेड्डी कुटुंबातले. जात सांगणारा नावाचा शेवट त्यांनी तरुणपणीच काढून टाकला.

गावात माली पटेल, पोलीस पटेल आणि पटवारी अशी तीन पदं वंशपरंपरेने चालत. मराठवाड्यातल्या वाचकांना यात नवीन काही वाटणार नाही. माली पाटील आणि पोलीस पाटील तिथेही होते, कारण १९५६ पर्यंत राज्य एकच होतं. तेलंगणात पटवारी बहुधा ब्राह्मण असे आणि दोन्ही पटेल बरेचदा रेड्डी, काही भागांत वेलमा जातीचे. सारा ठरवणं, पीक बुडालं की नाही हे लिहिणं, भांडणात पहिला जबाब घेणं, हे सगळं याच तिघांच्या हातात. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच ओट्यावर ती नोंदवायची, अशी स्थिती होती.

आणि मग वेट्टी. वेठबिगार या आपल्या शब्दाने तिचा आवाका कळत नाही. परीट, न्हावी, कुंभार, विणकर, ताडी काढणारे, मेंढपाळ, सगळ्यांनी आपापला माल आणि श्रम गढीवर फुकट पोचवायचे. माला आणि मादिगा या दलित जातींच्या प्रत्येक घरातून एक माणूस दोराच्या, म्हणजे मालकाच्या, कामाला हजर हवा. निरोप घेऊन कोसन्‌कोस धावायचं, मेण्यापुढे पळायचं. गढीतली मुलगी सासरी निघाली की तिच्यासोबत दासी म्हणून गरिबांच्या मुली पाठवत, त्यांना आडबापा म्हणत. त्या मुलींच्या वाट्याला काय आलं असेल, हे लिहायला कुठलंच दप्तर नव्हतं. दोरासमोर उभं राहिलं की ‘बांचन दोरा, काल्मोक्ता’ म्हणायचं: मी तुमचा गुलाम, पाया पडतो. तेलंगणातल्या खेड्यांत हे वाक्य माहीत नसलेला म्हातारा माणूस सापडणं कठीण.

पालकुर्तीची परीट जातीची ऐलम्मा चार एकर जमीन खंडाने कसत होती. विसनूरच्या देशमुखाने ते पीक उचलून न्यायला माणसं पाठवली, तेव्हा आंध्र महासभेच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन तिने पीक घरी आणलं. तेलंगणात आज तिचे पुतळे आहेत. चाळीस हजार एकरवाल्याला चार एकरांचं पीक कशाला हवं होतं? धान्यासाठी नक्कीच नाही. परिटीण स्वतःच्या नावाने शेत कसते, हेच गढीला सहन होणारं नव्हतं.

ज्या संघटनेने ऐलम्माला साथ दिली तिच्या जन्माशी मराठी माणसांचा एक अप्रिय संबंध आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादला विवेकवर्धिनी या मराठी मंडळींच्या शाळेच्या सभागृहात सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. एक तेलुगू वक्ते आपल्या भाषेत बोलायला उठले, तेव्हा सभेतल्या मराठी मंडळींनी त्यांची हुर्यो उडवली. राज्यात सर्वाधिक लोकांची भाषा तेलुगू, आणि सुधारणेच्या व्यासपीठावर ती ऐकून घेतली गेली नाही. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी लगोलग आंध्र जनसंघ स्थापला. त्यातून पुढे आंध्र महासभा झाली. तिचं पहिलं अधिवेशन १९३० साली जोगीपेठला भरलं आणि त्याचे अध्यक्ष होते सुरवरम प्रतापरेड्डी. मराठवाड्याच्या इतिहासात आपण उर्दूच्या सक्तीबद्दल पुष्कळ लिहितो. ही घटनाही तितक्याच स्पष्टपणे लिहिली पाहिजे.

प्रतापरेड्डींचं नाव आलं की हैदराबादच्या रेड्डी वसतिगृहाकडे वळावंच लागतं. या समाजाच्या प्रभावाचा विचार करताना मला गढ्यांपेक्षा ही इमारत जास्त महत्त्वाची वाटते. १९१८ मध्ये ते सुरू झालं. त्यामागे होते राजा बहादूर वेंकटराम रेड्डी. पोलीस खात्यात खालून वर चढत ते १९२० मध्ये हैदराबाद शहराचे कोतवाल झाले. मुसलमान अमीर-उमरावांच्या त्या कारभारात ही मोठी गोष्ट होती. त्यांनी गदवाल आणि वनपर्तीसारख्या रेड्डी संस्थानिकांकडून आणि देशमुख घराण्यांकडून पैसा उभा केला. खेड्यातल्या रेड्डी मुलाला शहरात राहून शिकता यावं, एवढाच हेतू. गढीतल्या पैशाने बांधलेल्या त्या खोल्यांत ग्रंथालय आलं, वर्तमानपत्रं आली, स्वातंत्र्याची आणि समतेची भाषा आली. प्रतापरेड्डींनी वसतिगृहाचा कारभार पाहिला आणि १९२६ मध्ये ‘गोलकोंडा पत्रिका’ हे तेलुगू नियतकालिक सुरू केलं. तेलंगणात तेलुगू कवीच नाहीत, असं कोणीतरी हिणवल्यावर त्यांनी १९३४ मध्ये ३५४ कवींच्या रचनांचा संग्रह छापून उत्तर दिलं. पुढे त्यांनी आंध्रांचा सामाजिक इतिहास लिहिला. राजांच्या लढाया बाजूला ठेवून माणसं काय खात, काय नेसत, कोणते खेळ खेळत, याचा तो इतिहास आहे. तेलुगूसाठीचा साहित्य अकादमीचा पहिला पुरस्कार त्याला मिळाला, पण तोवर प्रतापरेड्डी हयात नव्हते.

याच वसतिगृहात राहून रवी नारायण रेड्डी शिकले. १९४४ च्या भुवनगिरी अधिवेशनात ते आंध्र महासभेचे अध्यक्ष झाले आणि मवाळ मंडळी बाहेर पडली. मग ‘संघम’ या नावाने महासभा खेड्याखेड्यांत पोचली. वेट्टी बंद करा, कुळांना काढू नका, एवढ्या मागण्यांपासून ती सुरू झाली आणि बंदुकीपर्यंत गेली. भीमरेड्डी नरसिंह रेड्डी, त्यांची बहीण मल्लू स्वराज्यम, आरुटला कमलादेवी आणि रामचंद्र रेड्डी हे जोडपं, करीमनगरचे बद्दम येल्ला रेड्डी, अशी खात्यापित्या घरची कितीतरी माणसं स्वतःच्याच नात्यागोत्याच्या सत्तेविरुद्ध उभी राहिली. त्यांचा त्याग खरा होता. पण नेतृत्व पुन्हा त्याच जातीकडे राहिलं, हेही तितकंच खरं. मरणारे कोमरय्यासारखे, बहुतेक मेंढपाळ, परीट आणि दलित कुटुंबांतले. सुंदरय्यांच्या हिशोबाने चार हजार लोक मारले गेले. सुमारे तीन हजार गावांत संघमची सत्ता चालली आणि दहा लाख एकर जमीन वाटली गेली.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने निजामाचं राज्य संपलं आणि पळालेले देशमुख सरकारी फौजेच्या पाठोपाठ गावात परतले. वाटलेली पुष्कळशी जमीन त्यांनी परत घेतली. ऑक्टोबर १९५१ मध्ये लढा मागे घेण्यात आला. तरी १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत नळगोंड्याच्या मतदारांनी रवी नारायण रेड्डींना पंडित नेहरूंपेक्षा जास्त मतं देऊन निवडून पाठवलं. दरम्यान १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या होत्या आणि १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आला होता. तोच कायदा मराठवाड्यालाही लागू झाला. त्याच्या ३८-ई कलमाखाली मालक झालेल्या कुळांचे वारस औरंगाबाद-नांदेडच्या कचेऱ्यांत आजही खेटे घालताना दिसतात.

मोठ्या घराण्यांनी या कायद्यांचा अर्थ लवकर ओळखला. जमीन भावाभावांत, मुला-सुनांत वाटून दाखवायची, कोरडवाहू विकायची, ओलिताखालची ठेवायची आणि एक मुलगा हैदराबादला वकिलीला किंवा काँग्रेसमध्ये पाठवायचा. गावातलं पटेलपद होतंच. मत कुठे पडणार हे पटेल सांगे, आणि तिकीट कोणाला मिळणार हे जिल्ह्यातली चार घराणी ठरवत. १९५६ मध्ये आंध्र प्रदेश झाला तेव्हा रायलसीमेचे, किनाऱ्याचे आणि तेलंगणाचे रेड्डी एका राज्यात आले. नीलम संजीव रेड्डी पहिले मुख्यमंत्री. त्या दिवसापासून २०१४ मधल्या विभाजनापर्यंत झालेल्या सोळा मुख्यमंत्र्यांपैकी आठांच्या नावात रेड्डी आहे: ब्रह्मानंद, चेन्ना, विजयभास्कर, जनार्दन, राजशेखर वगैरे. लोकसंख्येत हा समाज बहुतेक अंदाजांनुसार दहा टक्क्यांच्या आत. १९६० मध्ये दामोदरम संजीवय्या मुख्यमंत्री झाले, देशातले पहिले दलित मुख्यमंत्री. त्यांना जेमतेम दोन वर्षं मिळाली. पुढचे एक मुख्यमंत्री पी. व्ही. नरसिंह राव यांनी कमाल जमीनधारणेची मर्यादा कडक करण्याचा आग्रह धरला आणि जानेवारी १९७३ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. निमित्त स्थानिकांसाठी नोकऱ्या राखणाऱ्या मुल्की नियमांवरून उसळलेल्या आंदोलनाचं होतं, पण जमीनदार आमदारांची नाराजी त्यात मोठी होती.

शेतीतला पैसाही बाहेर पडला. बी. नागी रेड्डी मद्रासला जाऊन चित्रपट निर्माते झाले. त्यांनी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये मुलांचं मासिक काढलं, तेच आपल्या कित्येक पिढ्यांनी ‘चांदोबा’ म्हणून वाचलं. १९८३ मध्ये प्रताप रेड्डी या डॉक्टरांनी अपोलो रुग्णालय काढलं. पुढच्या वर्षी गुंटूरकडच्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे चिरंजीव अंजी रेड्डी यांनी औषधांची कंपनी काढली. हा उद्यम खरोखर कौतुकाचा आहे. पण शिकायला आणि पडून पुन्हा उठायला लागणारं भांडवल ज्यांच्या शेतात आधीपासून होतं, त्यांनाच अशी उडी घेता आली.

खेड्यातली पकड सैल झाली ती दोन धक्क्यांनी. पहिला करीमनगर जिल्ह्यात. सप्टेंबर १९७८ मध्ये जगित्यालला शेतमजुरांनी प्रचंड मोर्चा काढला. जमीनदारांवर सामाजिक बहिष्कार पडले. नक्षलवादी चळवळीच्या भीतीने गढ्या ओस पडल्या आणि दोरा मंडळी हैदराबादला गेली. दुसरा धक्का सरकारी हुकमाचा. १९८३ मध्ये सत्तेवर आलेल्या एन. टी. रामाराव यांनी पुढच्याच वर्षी वंशपरंपरागत पटेल-पटवारी पदं रद्द केली. महाराष्ट्राने मुलकी पाटील हे पद १९६२ च्या कायद्याने काढलं होतं. आंध्रात त्याला आणखी दोन दशकं लागली. रामाराव स्वतः कम्मा, म्हणजे किनारपट्टीवरच्या दुसऱ्या बलिष्ठ शेतकरी जातीतले. त्यांच्या तेलुगू देशमने मागास जातींना उमेदवाऱ्या देऊन काँग्रेसमधल्या रेड्डींची सद्दी मोडली, हे खरंच. पण पटेलपद जाण्याने गावातल्या गरीब माणसाला जो मोकळेपणा मिळाला, तो कुठल्याही निवडणुकीपेक्षा मोठा होता.

उघड सत्ता गेली की कधी कधी हिंसा येते. ६ ऑगस्ट १९९१ रोजी गुंटूर जिल्ह्यातल्या चुंडूर गावी रेड्डी जमावाने आठ दलितांची हत्या केली. २००७ मध्ये विशेष न्यायालयाने एकवीस जणांना जन्मठेप दिली. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडलं. आठ माणसं मेली आणि कायद्याच्या लेखी त्यांना कोणीही मारलेलं नाही. त्याआधी १९८५ मध्ये कारमचेडू इथे कम्मा जमीनदारांच्या जमावाने सहा दलितांना मारलं होतं. त्यातून उभ्या राहिलेल्या दलित महासभेने तेलुगू राजकारणाला पहिल्यांदा सांगितलं की वरच्या दोन शेतकरी जातींमधली चुरस हे आमचं राजकारण नाही.

आज तेलंगणाचे मुख्यमंत्री रेवंत रेड्डी आहेत. त्यांच्याच सरकारने जातवार सर्वेक्षण करून फेब्रुवारी २०२५ मध्ये आकडे मांडले. मुसलमानांतल्या मागास गटांसह मागासवर्गीय ५६.३३ टक्के, अनुसूचित जाती १७.४३, अनुसूचित जमाती १०.४५ आणि बाकी सगळे खुले मिळून १५.७९. रेड्डी या शेवटच्या गटातले. आता मागासवर्गीय नेते प्रत्येक सभेत हे आकडे वाचून दाखवतात.

शेताच्या बांधावर मात्र प्रश्न अजून नोंदीचाच आहे. २०१८ मध्ये आधीच्या सरकारने ‘रयतू बंधू’ योजना आणली. तेव्हा दर हंगामाला एकरी चार हजार रुपये थेट खात्यात येत, जमीन कितीही असो. पैसे मिळत मालकाला. कसणारा कूळ असेल तर त्याला काही नसे. तेलंगणातल्या जुन्या पहाणीपत्रकात प्रत्यक्ष कोण कसतो, हे लिहायला अनुभवदाराचा रकाना होता, आपल्या जुन्या सातबाऱ्यावर पीकपाहणीत असे तशी नोंद. २०२० मध्ये जमिनीच्या नोंदी ‘धरणी’ या संगणक प्रणालीवर गेल्या तेव्हा तो रकानाच गेला. २०२५ मध्ये ‘भू भारती’ कायदा आला आणि त्याने धरणीची जागा घेतली. गढीत राहणारा दोरा आता नाही. तो हैदराबादला किंवा परदेशात आहे आणि त्याची जमीन गावात कोणीतरी खंडाने कसतं, बहुधा मागास किंवा दलित जातीचं. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई आणि शेतकऱ्याने जीव दिला तर मागे राहिलेल्या बाईला मिळणारी मदत, हे सगळं त्या एका नोंदीवर अडतं, आणि खंडाचा करार बहुतेक ठिकाणी अजून तोंडीच होतो.